ओसाकाची रजा

खोटं मी बोलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की सायराने गोष्ट आपल्या सोयीने फिरवली. आमच्या नजीबना खोटं जमत नाही, दुसऱ्याच शब्दाला अडखळतात. म्हणून त्यांच्या हातातला फोन मी घेतला आणि सासूला म्हटलं, "अम्मा, यंदा रजा मफी. कारखान्यात मोठं काम निघालंय, कोणालाच सोडत नाहीत."

बावीस वर्षं मुलगा बहारीनला असलेल्या बाईला मफी म्हणजे ‘नाही’, हे सांगावं लागत नाही. अम्मा म्हणाल्या, "बरं. नोकरी आधी. पण त्याला सांग, यंदा माझं काही खरं नाही."

"अम्मा, दर वर्षी तुम्ही हेच म्हणता," मी म्हटलं. आणि खरंच म्हणायच्या. मी फोन ठेवला तेव्हा रजा मंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र माझ्यासमोर टेबलावर मिठाच्या बरणीखाली दाबलेलं होतं.

आता माझीही बाजू ऐका. आमच्या लोकांत नवऱ्याची रजा नवऱ्याची नसते, गावाची असते. आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे. दोन वर्षांतून एकदा दोन महिने मिळतात, आणि त्यातला एक दिवस कधी आमचा झाला नाही. एकदा घराचं छप्पर, एकदा नणंदेचं लग्न, एकदा धाकट्या दिराचं, ओवैसचं लग्न, मग त्याची विहीर. जायच्या आधी महिनाभर माझ्या घरात खोके. दूध पावडर, बदाम, बाम, साबण, चादरी. बाथरूमच्या वजनकाट्यावर खोका ठेवायचा, तीस किलोच्या वर गेला की फोडायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा टेप. गावात पोचल्यावर अर्ध्या तासात सगळं वाटून मोकळं, आणि मागून कोणीतरी म्हणणारच की आम्हाला बाम दिला, तिला चादर दिली. मी हात जोडले होते त्या सगळ्याला.

आणि रजेत जपानला, ओसाकाला जायचं वेड माझं नव्हतंच, नजीबचं होतं. ते बहारीनमध्ये अस्करजवळच्या अल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवतात. ती क्रेन जपानी. खूप वर्षांपूर्वी ती दुरुस्त करायला एक म्हातारा इंजिनिअर आला होता, ओसाकाचा. पंधरा दिवस दोघं वर केबिनमध्ये एकत्र डबा खायचे. त्याने नजीबना आपल्या शहरातल्या कालव्याचा फोटो दाखवला आणि म्हणाला, ये एकदा. नजीब घरी आले आणि म्हणाले, "सायरा, एकदा जाऊ या आपण तिकडे." बस, एवढंच. संसारात त्या माणसाच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओवैसच्या विहिरीसाठी पंपाची चौकशी केली आणि ओसाका संपलं.

ते मी पुन्हा काढलं. आमची मुलगी नाझिश पुण्याला कॉलेजात गेली, घर रिकामं झालं आणि माझ्या डोक्यात आलं की आता नाही तर कधी. इसा टाउनच्या शाळेच्या बसवर मी मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करते. मला सुट्टी लागली त्याच वेळी नजीबची रजा मंजूर झाली. नाझिशने पुण्यात बसून सेलमधलं तिकीट शोधलं. सामान नाही, फक्त सात किलो हातातलं. "ममा, यू हॅव टू बॅकपॅक," ती म्हणाली. मी म्हटलं, आम्ही या वयात पाठीला दप्तर लावू? पण मनातून मला इतका आनंद झाला की विचारू नका. सात किलो, आणि त्यात कोणाचा बाम नाही.

गावी खोटं सांगायचं ठरलं तेव्हा नाझिश म्हणाली, "जस्ट टेल दादी द ट्रूथ. व्हॉट्स द बिग डील?" तिला काय कळणार. आई खोकते आहे आणि मुलगा बायकोला घेऊन जपान बघायला गेला, हे आमच्या गावात दहा वर्षं पुरलं असतं. नजीब म्हणाले, "आधी आठ दिवस गावी जाऊन येतो, मग जपान." मी म्हटलं, "तुमचे आठ दिवस मला माहीत आहेत. एकदा गेलात की साठ होतात." त्यावर आमचं मोठं भांडण झालं. आम्ही दोघं भांडखोरच, पण आमचं भांडण रात्रीच्या भातापर्यंत मिटायचं. त्या दिवशीही मिटलं, आणि मी जिंकले.

विमानतळावर बसल्या बसल्या मी आणखी एक शहाणपणा केला. मला व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकायची सवय आहे, नाही म्हणत नाही. शाळेतल्या बायकांना ओसाका दाखवायचं होतं आणि सासरच्यांना दाखवायचं नव्हतं. तर मी फोनमधली सासरची नावं एकेक करून लपवायच्या यादीत टाकली. ओवैस, त्याची बायको जुबैदा, नणंदा, नणंदांच्या पोरी, मामेसासरे, मशिदीशेजारचा दुकानदार रहिमतुल्ला. चाळीसच्या वर नावं. नजीब म्हणाले, "एवढी मेहनत खोटं लपवायला?" मी म्हटलं, "मेहनत केली की काम चोख होतं."

ओसाकाला सकाळी उतरलो. नजीबनी पाठीवरची पिशवी पोटावर घेतली होती, चोराची भीती. सातव्या महिन्याची बाई चालावी तसे कंबरेला हात लावून चालत होते. मी हसले तर म्हणाले, "हस. पासपोर्ट गेला की कळेल." तिथे कोणी कोणाच्या पिशवीकडे बघतसुद्धा नाही हे दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, मग पिशवी पाठीवर गेली.

नाझिशने हॉस्टेल घेतलं होतं. बायकांची खोली चौथ्या मजल्यावर, पुरुषांची दुसऱ्या. एकावर एक फळ्या, पडदा ओढायचा आणि झोपायचं. माझ्या खालच्या फळीवर एक गोरी पोरगी, तिने मला विचारलं की तुम्ही एकट्याच फिरता का. मी म्हटलं, नवरा आहे, दोन मजले खाली. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला झोपायच्या आधी लिफ्टपर्यंत सोडायला जायचं म्हणजे गंमतच की.

उमेदा नावाच्या स्टेशनात आम्ही जमिनीखाली दोन तास हरवलो. वर यायचं तर ज्या दारातून आत गेलो त्याच दारातून बाहेर. मी चिडले, "क्रेन चालवता ना तुम्ही? वरून सगळा कारखाना दिसतो, इथे एक जिना दिसत नाही?" नजीब इतके हसले की एका बाईने थांबून आम्हाला हात धरून योग्य फलाटावर सोडलं. खायची पंचाईत होती. प्रत्येक पाकिटावर फोन धरायचा, फोन वाचून सांगणार त्यात डुकराचं काही आहे की नाही, मग कुठे तोंडात घास. बहुतेक वेळा भात आणि मासा. पण कुरोमोनच्या बाजारात मासळी बघून आम्हा दोघांना माहेर भेटल्यासारखं झालं. नजीब एकेका टोपलीपुढे उभे राहून सांगत होते, ही आपली सुरमई, ही बांगड्याची चुलत बहीण. आवाज मोठा, हात हलवत. हा माणूस मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिला होता, त्यानंतर तिथेच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या कालव्यावर गेलो. दोतोंबोरी. इंजिनिअरच्या फोटोतला तो हाच. नजीब कठड्यापाशी उभे राहिले, मागे पाणी, पाठीला पिशवी, आणि हसत होते. मी फोटो काढला. पाच वाजले असतील. तिथेच उभ्या उभ्या मी तो स्टेटसला टाकला, आणि खाली लिहिलं, रजा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉस्टेलच्या खालच्या खोलीत पाव आणि चहा घेत बसलो होतो. नजीबचा फोन वाजला. ओवैस. नऊ वाजून गेले होते, म्हणजे गावाकडे पावणेसहा.

"भाई, अम्मा गेली," ओवैस म्हणाला. "पहाटे, फजरच्या नमाजाआधी. झोपेतच."

कोपऱ्यातला टीव्ही मोठ्याने जपानीत बोलत होता. आणि मी काय केलं सांगू? माझी सासू मेली आहे हे ऐकल्यावर मी पहिली उठले ती टीव्ही बंद करायला. नवऱ्याच्या खांद्यावर हात नाही ठेवला. टीव्ही बंद केला.

ओवैस रडत रडत बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं. "भाई, तुझ्याकडे अजून पहाट झाली नसेल, झोपेतून उठवलं तुला. पण निघ. सकाळचं विमान धर, चार तासांत मुंबई. मी मौलवींशी बोललोय. संध्याकाळी मगरिबपर्यंत मय्यत थांबवतो. तू ये, माती दे."

नजीबनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं होतं. "ओवैस, मी..." म्हणाले आणि थांबले. मला माहीत आहे काय बोलणार होते ते. खरं बोलणार होते. बोलू दिलं असतं तर आज निदान तेवढं तरी असतं आमच्याकडे. मी मान हलवली. नको.

"कंपनी सोडत नाही," नजीब म्हणाले. या वेळी जराही अडखळले नाहीत.

"आई मेली तरी?"

"बदली माणूस नाही. दोन दिवस लागतील."

ओवैसने कंपनीला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे सांगणार नाही. मग म्हणाला, "मग दुपारी जोहरलाच उरकतो, भाई. थांबवून काय करू. व्हिडिओ लावतो, तोंड तरी बघून घे."

नजीब खुर्चीतून उठले. खोलीभर लख्ख ऊन होतं, काचेपलीकडे सायकली जात होत्या. आणि बहारीनला त्या वेळी पहाटेचे सव्वातीन. ते इकडे तिकडे बघत राहिले. मग कपडे धुवायच्या मशिनी होत्या त्या बोळात शिरले, तिथे चादरी ठेवायची एक कोठडी होती, तिच्यात गेले आणि आतून दार ओढून घेतलं. अंधार पाहिजे होता त्यांना. आईचं तोंड शेवटचं बघायचं तर बहारीनची रात्र पाहिजे होती. मी दाराबाहेर उभी होते. आतून फक्त ओवैसचा आवाज येत होता, "दिसतंय का भाई? दिवा लाव ना, तू दिसत नाहीस." आणि नजीब म्हणत होते, "राहू दे. मला दिसतंय."

तिथे उभी असताना मला स्टेटस आठवला. काढून टाकायला म्हणून फोन उघडला. कोणी कोणी बघितला त्याची यादी खाली येते. शाळेतल्या बायका, नाझिश, बिल्डिंगमधली उल्का. आणि एक नाव, "रिचार्ज".

हा नंबर अम्मांचा होता. ईदला ओवैसने आपला जुना फोन अम्मांना दिला होता, नातीला बघायला म्हणून. त्याचा रिचार्ज मी इथून करायचे, दर महिन्याला. अम्मांशी बोलणं नजीबच्या फोनवरून व्हायचं, त्या नंबरवर मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी नाव तसं लिहून ठेवलं होतं. चाळीस नावं लपवणाऱ्या मला सासू सासू म्हणून फोनमध्ये सापडलीच नाही. वेळ दाखवत होती आदल्या संध्याकाळची, गावचे दुपारचे पावणेदोन. मी फोटो टाकल्यावर पंधरा मिनिटांत.

मी स्टेटस पुसला. कोठडीचं दार उघडलं तेव्हा माझा फोन खिशात होता.

तिकीट बदलून, दोन ठिकाणी विमानतळावर बसून आम्ही दीड दिवसाने मुंबईला उतरलो. वाटेत नजीब एकदाच बोलले, "एक बरं झालं. तिला कळलं नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिले. पनवेलला गाडी थांबवून मी हातात धरायच्या दोन मोठ्या बॅगा घेतल्या आणि दुकानातच पाठीवरच्या पिशव्या आत कोंबल्या. विमानांच्या चिठ्ठ्या फाडल्या. थोडी दूध पावडरही घेतली. माणूस मेल्याच्या घरी दूध पावडर कोण नेतं, पण बहारीनहून आलेलं माणूस रिकामं येत नाही.

गावात सगळ्यांनी नजीबना जवळ घेतलं. मशिदीबाहेर रहिमतुल्ला म्हणाला, "परदेशी नोकरी म्हणजे गुलामी. आईला माती द्यायला सोडत नाहीत." दहा माणसांनी माना हलवल्या. नजीब मान खाली घालून उभे. एकाने तर कंपनीविरुद्ध अर्ज करायला सांगितलं, वकील ओळखीचा आहे म्हणाला. कब्रस्तानातून आल्यावर ते ओट्यावर बसले. जुबैदा पाणी घेऊन आली आणि बसून बोलायला लागली. चांगली बाई, तिच्या मनात काही नव्हतं.

"भाईजान, आदल्या दुपारपासूनच अम्मांचा ताप डोक्यात गेला होता. म्हणत होत्या, नजीबला रजा मिळाली. मी म्हटलं, नाही अम्मा, रजा मफी आहे. तर म्हणाल्या, मला दिसला ना. पाण्याच्या काठी उभा आहे, पाठीला पिशवी आहे, हसतोय. मी म्हटलं, समुद्र ओलांडून येतायत म्हणून तसं दिसलं असेल. रात्री जेवायला बसेनात. म्हणाल्या, त्याच्यासाठी ठेव. आणि सारखं एकच. रजा मिळाली ना त्याला, मग घरी का नाही आला? पोरीला विचारलं, मला विचारलं, ओवैसला विचारलं. मग घरी का नाही आला? आम्ही काय सांगणार? शेवटी ओवैस म्हणाला, येतोय अम्मा, वाटेत आहे. तेव्हा झोपल्या."

नजीबनी पाणी संपवलं आणि भांडं खाली ठेवलं. बायका डोळे पुसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, मरताना आईला लांबचं लेकरू दिसतं. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

उरलेली रजा सोडून बहारीनला परत आलो तशी भेटायला माणसं येत राहिली. शुक्रवारी दुपारच्या शिफ्टपर्यंत नजीब घरी असायचे. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, अम्माला मी दिसलो होतो, पाण्याच्या काठी. ऐकून कोणी सुबहानल्ला म्हणायचं. मी आत चहा ओतत असायचे. त्यांना हे एवढंच उरलंय, मी स्वतःला सांगायचे, राहू दे. पण किती दिवस? रात्रंदिवस एक मेलेली बाई माझ्या कानाशी विचारायची, घरी का नाही आला.

चौथ्या शुक्रवारी माणसं गेल्यावर मी कप उचलले नाहीत. समोर बसले. "अहो, मला एक सांगायचंय. त्या फोटोचं."

"नको सांगू," नजीब म्हणाले.

"तुम्हाला माहीत नाही मी काय..."

"सायरा, मी गावी कधी पाठीला पिशवी लावून गेलोय? हातात बॅगा, डोक्यावर खोका. अम्माने मला तसा कधी पाहिलाच नव्हता." शांत बोलत होते, एखाद्याला पत्ता सांगावा तसे. "जुबैदा बोलत होती तेव्हाच कळलं."

"मग लोकांना का सांगता ते?"

"दुसरं काय सांगू?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "मग भांडा ना माझ्याशी. महिना झाला. शिव्या द्या, कप फोडा, माझ्या माहेरी फोन करा, काहीतरी करा. फोन मी घेतला, मान मी हलवली, फोटो मी टाकला. सगळं मी केलं."

"रजा माझी होती," ते म्हणाले.

"तरी भांडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, तेच वाईट. म्हणाले, "आपलं भांडण झालं की मिटतं, सायरा. हे मला मिटवायचं नाही."

मग घड्याळ बघून उठले. दुपारची शिफ्ट होती, कंपनीची बस कोपऱ्यावर पावणेतीनला येते. बूट घालून, डबा घेऊन ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात कोणी आवाज चढवलेला नाही.